बाबांना खोटं सांगून नेऊ नकोस

प्रिय मावशी,
माझे बाबा 74 वर्षांचे, निवृत्त मराठी शिक्षक. जत्रेच्या नाटकांत कितीतरी वर्षं कामं केली, जुनी नाट्यपदं अजून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणतात. पण सकाळी पोदेर (पाववाला) येऊन गेला, पाव घेतले, हे दहा वाजता आठवत नाही. पुन्हा दाराशी जाऊन उभे राहतात. बँकेचा फॉर्म भरताना अडतात. आई जाऊन दीड वर्ष झालं. न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय केला आणि आता न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट, म्हणजे स्मृती, लक्ष, भाषा यांची सविस्तर तपासणी, करून आणायला सांगितलंय. भाऊ म्हणतो, "एवढी पदं पाठ आहेत, त्यांना काय झालंय?" बाबा म्हणतात, "मला वेड लागलेलं नाही." शुगर तपासायची म्हणून नेऊ का? तयारी व्हावी म्हणून रोज सकाळी त्यांना तारीख, वार विचारते. ते चिडतात.
— एक मुलगी, डिचोली

बाळा,

उद्या सकाळपासून ती तारीख-वाराची प्रश्नोत्तरं बंद कर. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांची परीक्षा घेतली, त्याची चहाच्या कपासमोर रोज परीक्षा होते आहे, आणि घेते कोण, तर लेक. ते चिडणारच. शिवाय घोकून घेतलेल्या उत्तरांनी तपासणीच बिघडते. बाबा आज जसे आहेत तसेच तिथे दिसायला हवेत.

शुगरचं खोटंही सांगू नकोस. ही तपासणी रक्तासारखी नसते, की हात पुढे केला आणि झालं. दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त, माणसाने मन लावून बसावं लागतं. फसवून आणलंय हे कळलं की ते उत्तरं द्यायची म्हणून देतील, गुण कमी पडतील आणि त्याचं खरं कारण कुणालाच कळणार नाही. त्यांना सरळ सांग: "बाबा, एमआरआयमध्ये मेंदूचा फोटो आला. पण तो काम कसा करतो, कुठे दमतो, हे फोटोत दिसत नाही. ते बघायचंय." 'वेड' हा शब्द त्यांच्या तोंडी का आला, ते मला समजतं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि मनोरुग्णालयही तिथेच, त्यामुळे त्यांच्या पिढीच्या मनात दोन्ही एकत्र बसलेली आहेत. म्हणून हेही सांग, की अशी तपासणी पक्षाघातानंतर, अपघातात डोक्याला मार लागल्यावर, फिट येणाऱ्या तरुण मुलांचीसुद्धा करतात.

तिथे आधी गप्पा होतात: शिक्षण, नोकरी, आजार, झोप. तुझ्याशीही बोलतील, बहुधा वेगळं. तेव्हा "विसरतात हो" एवढ्यावर थांबू नकोस, ती पोदेराची गोष्ट जशीच्या तशी सांग. मग तुला बाहेर बसवतील. आत टेबल, कागद, पेन्सिल, चित्रं. सुई नाही, मशीन नाही. आकडे उलटे म्हणायचे, घड्याळ काढायचं, आकृती बघून उतरवायची, एका मिनिटात जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायची.

यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शब्दांचा भाग. दहा-पंधरा शब्दांची यादी वाचून दाखवतात, आठवतील ते म्हणायचे. तीच यादी लागोपाठ बऱ्याच वेळा अशी घेतात. मधे दुसरीच कामं देतात आणि अर्ध्या तासाने तीच यादी पुन्हा विचारतात. नाही आठवली, तर नवे-जुने शब्द मिसळून विचारतात, "हा होता का त्यात?" ओळखता आलं, तर शब्द आत गेला होता, बाहेर काढताना अडकला. ओळखताही आलं नाही, तर तो बहुधा रुजलाच नाही. घरी आपल्याला दोन्ही 'विसरणं'च दिसतं, पण कारणं वेगळी असू शकतात.

तुझ्या भावाचं उत्तरही इथेच आहे. नाट्यपदं तालमी करकरून वर्षानुवर्षं मुरलेली आहेत. आज सकाळची गोष्ट नव्याने साठवायची, तर कानशिलाच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग नीट चालावा लागतो. तो थकला तरी जुनी पदं बराच काळ टिकतात. त्यामुळे पदं आठवतात हे खरं आणि पाव विसरतात हेही खरं.

माझ्या आईची ही तपासणी झाली तेव्हा ती रडतच बाहेर आली. "मी नापास झाले गो," म्हणाली. यातले बरेच प्रश्न मुद्दामच अवघड होत जातात, अडेपर्यंत विचारतात, सगळं कुणालाच येत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला गाडीतच सांगायला हवं होतं. ते अजून मनाला लागतं. तू सांग. मास्तरांना तर नक्कीच सांग.

भाषेचं अपॉइंटमेंट घेतानाच विचार. घरी कोंकणी, वाचन-लेखन मराठी, आकडेमोड कुठल्या भाषेत, हे त्यांना कळू दे. इंग्रजी अक्षरांच्या चाचणीत बाबा अडखळले, तर तो स्मृतीचा दोष नव्हे. गुणांची तुलना त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या माणसांशी करतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मन आणि मेंदूच्या आजारांवरच्या संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात वय, शिक्षण, स्त्री-पुरुष अशी वेगळी मापं आहेत. शिकलेला, बोलका माणूस दवाखान्यातल्या 30 गुणांच्या छोट्या चाचणीत सहज निभावून जातो. बाबांना लांबलचक तपासणी सांगितली, त्यामागे हेही कारण असावं.

चष्मा, श्रवणयंत्र असेल तर ते, जुने रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर घे. झोपेची किंवा सर्दीची गोळी घेत असतील तर सांग, पण आपल्या मनाने बंद करू नकोस. नाश्ता करूनच न्या. आदल्या रात्री झोप लागली नाही किंवा ताप असेल, तर तारीख पुढे ढकल. बी12 आणि थायरॉइड बघितलंय का, हे डॉक्टरांना विचार. त्यांच्या कमतरतेनेही स्मृती मंदावते आणि त्यावर उपचार आहेत.

आणि एक. आई जाऊन दीड वर्ष झालं, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. तिथे तसं करू नकोस. तेव्हापासून ते जेवतात कसे, झोपतात कसे, पदं कुणासाठी म्हणतात, सगळं सांग. खोल उदासीतही माणूस असाच विसरू लागतो, आणि ती उदासी की दुसरं काही, हे वेगळं काढायला या तपासणीची मोठी मदत होते.

रिपोर्ट त्याच दिवशी मिळेल असं नाही. काय शाबूत आहे, हेही त्यात असतं. आजाराचं नाव न्यूरोलॉजिस्ट एमआरआय, रक्त आणि हा रिपोर्ट एकत्र बघून ठरवतील. त्या दिवशी भावाला घेऊन जा. तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्याने स्वतः ऐकावं. बँकेचं कोण बघणार, बाबांनी स्कूटर चालवावी का, हे तिथेच विचारा. रिपोर्ट जपून ठेव, वर्षाने पुन्हा तपासणी झाली तर तुलनेला लागेल. निदान डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) आलंच, तर घरच्यांसाठी काय मदत आहे तेही विचार. आपल्या गोव्यातच 81 कुटुंबांचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. घरी येऊन कुणी समजावत, आधार देत राहिलं, की सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी होतो, असं त्यात दिसलं. तुझी काळजी घेणारंही कुणी लागेल.

बाहेर येतील तेव्हा बाबा दमलेले असतील. किती आलं, काय विचारलं, काही विचारू नकोस. वाटेत थांबून पातळभाजी-पाव खायला घाल त्यांना.

तुझी,
मावशी