तीन जेम्स स्मिथ: आधी टी-नेम शोधा, मग वंशवृक्ष काढा

ताई, तुमचा प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून सविस्तर लिहितो. नवऱ्याचं घराणं स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, बकीजवळच्या फिंडोख्टीचं. १८४० च्या आसपास जन्मलेले तीन जेम्स स्मिथ सापडलेत, तिघांचेही वडील जॉर्ज, आणि कुणीतरी आयता टाकलेला वंशवृक्ष उचलावा का, असं तुम्ही विचारलंय. उचलू नका. त्या आयत्या वृक्षांत निम्मे लोक एकमेकांचीच चूक उतरवून घेतात.

स्कॉटलंड्सपीपलवर, म्हणजे तिथल्या सरकारी नोंदींच्या संकेतस्थळावर, खातं काढणं, क्रेडिट (प्रतिमा बघायला आधी विकत घ्यायचे गुण) घेणं वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो. आणि मी काही व्यावसायिक संशोधक नाही. खालचं सगळं बॅन्फशरच्या, म्हणजे बकी-फिंडोख्टीच्या जुन्या परगण्याच्या, किनाऱ्यापुरतं धरा, पश्चिमेच्या बेटांना ते जसंच्या तसं लागू करू नका.

त्या किनाऱ्यावर नाव-आडनावावरून माणूस ओळखता येत नाही. बकीत स्मिथ आणि काउई, फिंडोख्टीत फ्लेट आणि स्मिथ, पोर्टनॉकीत मेअर, स्लेटर, वुड. त्यात नावं ठेवायची रीत ठरलेली: थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा खुद्द वडिलांच्या. मग तीन भावांच्या घरी एकाच नावाचे तीन चुलत भाऊ निघाले तर नवल नाही. यावर गावाने काढलेला तोडगा म्हणजे टी-नेम: लॅटिन, शेवी, बो असली जोडनावं. ही लाडाची नावं नव्हेत. बापाकडून मुलाकडे जात, आणि मतदार यादीत, घरपट्टीच्या यादीत, बोटींच्या नोंदीत आडनावाच्या पुढे कंसात लिहिली जात.

माझा सगळ्यांत जास्त पैसा आणि वेळ इथेच गेला. एका कार्यालयाकडून, नाव घेत नाही, मृत्यूनोंदीची टाइप केलेली नक्कल मागवली होती. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. फक्त कंसातलं टी-नेम गाळलेलं आणि समासातली आरसीईची खूणही गायब. विचारल्यावर उत्तर आलं की तो नावाचा भाग नाही आणि समास नकलेत धरत नाहीत! आरसीई म्हणजे दुरुस्त नोंदींचं रजिस्टर. अपघाती किंवा अचानक मृत्यू असेल तर प्रोक्युरेटर फिस्कलच्या (तिथल्या सरकारी वकिलाच्या) चौकशीतून आलेला तपशील त्यात असतो, आणि कोळ्यांच्या गावात नेमकी बुडालेल्या माणसांचीच माहिती तिथे सापडते. त्या एका कंसापायी दोन पिढ्यांचं काम भलत्याच घराण्यावर उभं राहिलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: नक्कल किंवा सूची कधीच पुरावा नाही, मूळ पानाची प्रतिमाच बघा. बहुतेक प्रतिमांना सहा क्रेडिट, म्हणजे सुमारे दीड पौंड पडतात (दर एकदा तपासा). नकलेपेक्षा स्वस्तच.

आता तुमच्या तिघांचं. जन्मापासून सुरुवात करू नका, मृत्यूपासून मागे या. १८५५ पासूनच्या सरकारी मृत्यूनोंदीत आईवडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. मात्र माहिती देणारा कोण ते बघा. जावयाने सांगितलेलं सासूचं माहेर मी अर्धंच धरतो. १८५५ हे एक वर्ष तर सोन्याचं: त्या वर्षीच्या जन्मनोंदीत आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्नाची तारीख आणि आधीची मुलं किती, हे सगळं आहे. इतका तपशील पुढच्याच वर्षी बंद झाला. त्यामुळे तुमच्या जेम्सचं काही नसलं तरी त्याच्या भावंडांपैकी कुणाचं बाळ १८५५ मध्ये जन्मलं किंवा कुणी वारलं का, ते आधी शोधा.

जन्मनोंद सापडत नाही म्हणून 'नोंदच नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १८५५ आधीची जुनी पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावगट) रजिस्टरं फक्त चर्च ऑफ स्कॉटलंडची. १८४३ ला फुटून फ्री चर्च झालं, त्यांच्या वह्या वेगळ्या. रॅथव्हेन पॅरिशच्या (फिंडोख्टी यातच येतं) एन्झी भागात कॅथलिक बरेच, त्यांच्याही वेगळ्या. आणि १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, तो चुकवायला लोकांनी नोंदीच केल्या नाहीत.

अशा वेळी कर्क सेशनची, म्हणजे पॅरिशच्या चर्चमधल्या पंचमंडळाची, इतिवृत्तं उघडा. प्रतिमा फुकट आहेत, पण नावांची सूची नाही, पान पान वाचावं लागतं. अनौरस मुलाचा बाप हवा असेल तर जन्माच्या काही महिने आधीपासून वाचायला लागा, बाईला सेशनपुढे बोलावून नाव विचारलेलं असतं. दफनाची नोंद नसेल तर मॉर्टक्लॉथचे, म्हणजे शवपेटीवर घालायच्या कापडाच्या भाड्याचे पैसे कधी जमा झाले ते बघा.

स्थानिक इतिहास इथे नुसता शोभेचा नाही, पुढे कुठे खणायचं ते तोच सांगतो. पोर्टनॉकी १६७७ ला कलनहून आलेल्यांनी वसवलं, फिंडोख्टी १७१६ ला फ्रेझरबर्गच्या कोळ्यांनी, पोर्टेसी १७२७ ला फिंडहॉर्नच्या. म्हणजे १७१६ च्या मागे फिंडोख्टीचा माणूस रॅथव्हेनमध्ये मिळाला नाही तर फ्रेझरबर्गची रजिस्टरं काढा. १७९० च्या दशकातला जुना स्टॅटिस्टिकल अकाउंट, म्हणजे पाद्र्यांनी लिहिलेलं एकेका पॅरिशचं वर्णन, यासाठी नक्की वाचा.

थोडं अवांतर. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय, त्यावरून जन्मवर्ष काढू नका. माणूस घरी दिसत नसेल तर १८६१ पासूनच्या जहाजांवरच्या याद्या बघा. हेरिंग साफ करणाऱ्या मुली बोटींमागे पार ग्रेट यार्मथपर्यंत जात, तिथलं लग्न इंग्लंडच्या नोंदींत सापडेल. डीएनए चाचणीवर फार विसंबू नका; ही गावं पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं करत आली, त्यामुळे लांबचे चुलतही जवळचे दिसतात.

घरपट्टीच्या याद्या स्कॉटलंड्सपीपलवर १८५५ ते १९१५ दर दहा वर्षांच्या मिळतात, तिघांची घरं त्यातून वेगळी करा. चार पौंडांखालच्या भाडेकरूचं नाव लिहायची सक्ती नव्हती, तेव्हा नाव नाही म्हणजे माणूस नाही असं समजू नका.

आणि तिन्ही जेम्सच्या बायकांची माहेरची आडनावं इथे टाका. स्कॉटलंडमध्ये लग्न झालेल्या बाईचा मृत्यू माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही आडनावांखाली सूचीत असतो. दोन्ही आडनावांना साल, गाव आणि वय तेच आलं की ती जोडी वेगळी काढता येते, आणि तेवढ्याला क्रेडिट लागत नाही.