ऊस घेऊन घेऊन जमीन थकली आहे, एकरी टन घटलेत. तोडणी झाली की आम्ही पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवतो आणि नंतर ह्युमिकच्या, म्हणजे विकतच्या सेंद्रिय अर्काच्या, बाटल्या आणतो. सुपीकता टिकवायला कोणतं सेंद्रिय खत विकत आणावं?

विकतचं सेंद्रिय खत काहीच आणू नका. तुम्हीच लिहिलंय की तोडणी झाली की पाचट पेटवता आणि नंतर ह्युमिकच्या बाटल्या आणता. रानातला सेंद्रिय कर्ब आपल्या हातानं जाळायचा आणि दुकानातून विकत आणायचा, हे मला अजिबात पटत नाही.

आमचं रान वाळवा तालुक्यात, काळी जमीन, लिफ्टचं (मोटरनं उपसून आणलेलं) पाणी. मालक गेल्यावर शेती मी बघायला लागले. पहिल्याच तोडणीला दीर काडेपेटी घेऊन बांधावर हजर. "वहिनी, काडी लावा आन् मोकळ्या व्हा. पाचटात उंदरं होत्यात, पाणी म्होरं सरकत न्हाई." म्हटलं, भाऊजी, तुमच्या रानात लावा, माझ्यात नको. बाईमाणसाला शेतीतलं काय कळतंय, अशी भावकीत चर्चा झाली. मी पाचट एक सरी सोडून एका सरीत दाबलं, मोकळ्या सरीतून पाणी दिलं. ते नीट पुढे गेलं. बुडखे (तोडलेल्या उसाचे उरलेले बुंधे) कोयत्यानं जमिनीलगत छाटले. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं कल्चर शेणखतात मिसळून टाकलं. त्या मे महिन्यात लिफ्टची मोटर जळाली, पाण्याची पाळी लांबली. दिरांचा खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) पिवळा पडला, रानाला भेगा गेल्या. माझ्याकडे पाचट सारलं की खाली ओल होती, गांडुळं होती. सगळ्यांनी बघितलं, तरी पुढच्या साली त्यांनी पुन्हा पेटवलंच. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. जाळलं की त्यातलं बहुतेक नत्र धुरात जातं, हे त्यांना आजही मान्य नाही.

खोडव्यामागून खोडवाही धरू नका. मध्ये हरभरा घ्या, लागणीआधी हिरवळीच्या खताचा ताग फुलोऱ्याच्या बेताला रानातच गाडा. ऊसबिल बुडतं म्हणून घरचे कुरकुरतील. कुरकुरू देत.

हे सगळं निचरा होणाऱ्या जमिनीचं. रानात पांढरे क्षार फुलत असतील तर नुसत्या पाचटानं भागणार नाही. आधी जमिनीखाली सच्छिद्र (भोकांचे) पाईप टाकून निचरा काढा. जिप्सम तर दुकानदार म्हणतो म्हणून मुळीच टाकू नका, ते चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, जमिनीसाठी असतं. माती परीक्षणात सामू (pH) ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) १५ टक्क्यांच्या वर आला तरच आणा, तेही निचऱ्याची सोय झाल्यावर.