'विश्वासात वाढणे' हे मराठी आहे का?

एका वाचकाचा प्रश्न आहे : "ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नव्या घराच्या उपकारस्तुतीला (देवाचे आभार मानायच्या ख्रिस्ती प्रार्थनेला) गेलो होतो. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, छोटंसं प्रवचन केलं. 'हे कुटुंब विश्वासात वाढत जावो', 'आपण विश्वासणारे लोक', 'वहिनी लग्नानंतर विश्वासात आल्या' अशी वाक्यं कानावर पडली. 'विश्वासात घेणे' मला माहीत आहे, पण 'विश्वासात वाढणे' इंग्रजीवरून उचलल्यासारखं वाटतं. शिवाय विषय धर्माचा असताना सरळ 'श्रद्धा' का म्हणत नाहीत?"

माझं बालपण नगरकडचं. रविवारी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक बगलेत मारून आजीबरोबर चर्चला जायचो, त्यामुळे ही भाषा मला घरचीच. घरची असल्यामुळे तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. आता बघतो.

आधी 'श्रद्धा'. श्रत् + धा अशी ही जोडणी. 'धा' म्हणजे ठेवणे आणि 'श्रत्' हा हृदयाशी नातं सांगणारा जुना शब्द. गंमत अशी की लॅटिनमधला 'क्रेडो' हा शब्द याच घराण्यातला, आपल्या 'श्रद्धे'चा दूरचा चुलतभाऊ. जगभरचे ख्रिस्ती लोक उपासनेत जो विश्वासाचा अंगीकार (आपण काय मानतो त्याचा जाहीर उच्चार) म्हणतात त्याचा लॅटिनमधला पहिला शब्द हाच. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबाने तिथे 'श्रद्धा' अगदी चपखल बसली असती. तरी आम्ही नगरकडचे प्रॉटेस्टंट त्याच अंगीकारात पिढ्यानपिढ्या 'विश्वास' म्हणत आलो. वसईकडच्या कॅथलिक लेखनात मात्र 'श्रद्धा' आणि 'भाविक' हे शब्द सहज भेटतात, तेव्हा सगळेच मराठी ख्रिस्ती 'श्रद्धा' टाळतात असं समजू नका.

त्याआधीची परंपरा आणखी वेगळी. फादर स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघातला इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात आला. त्याचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यातच रायतूरला छापलं गेलं, ओव्या अकरा हजारांच्या आसपास. त्याचे श्रोते 'भावार्थी' आहेत. गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणीत 'भावार्थ' म्हणजे आजही फेथ. आपल्याकडे भावार्थ म्हटलं की कवितेखालचा पाच गुणांचा प्रश्न आठवतो, पण तो सुटा करून बघा : भाव हाच अर्थ, म्हणजे भाव हेच धन. वारकऱ्यांच्या 'भावा'शी किती जवळचं आहे हे! मला विचाराल तर हा शब्द घाटावर चढला नाही याची हळहळ वाटते.

एकोणिसाव्या शतकात छापखाने घेऊन आलेल्या मिशनांनी बायबलची मराठी भाषांतरं केली आणि त्या परंपरेत 'विश्वास' पक्का झाला. बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम केरी या मिशनऱ्याचा मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग, मूळ ग्रीक) 1811 मध्ये निघाला, मुंबईत अमेरिकन मिशन 1813 मध्ये उतरलं. 'श्रद्धा' मागे का पडली? माझा तर्क असा की तिच्या पाठोपाठ 'श्राद्ध' येतं. तो शब्द तिच्यापासूनच बनलेला आहे, आणि नव्या धर्माची परिभाषा घडवणाऱ्यांना ते सोबत नको असणार. पण हा तर्कच. त्याहून मला पटणारं कारण शब्दाच्या वागण्यात आहे.

मराठीत विश्वासघात होतो, श्रद्धाघात होत नाही. माणूस विश्वासू असतो, विश्वासपात्र असतो. दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला विश्वासावर माल देतो. विश्वास बसतो, उडतो, टाकला जातो ('टाकणे' म्हणजे फेकणे, पण विश्वास टाकला की तो समोरच्याच्या अंगावर जबाबदारी होऊन बसतो). शाळेत औपचारिक पत्राच्या शेवटी आपण सगळ्यांनी 'आपला विश्वासू' लिहिलेलं आहे, ज्याला लिहिलं त्याचं तोंडही न बघता. ट्रस्टी तो विश्वस्त. या सगळ्यात दोन माणसं लागतात. श्रद्धा मी एकटा ठेवू शकतो. ती डोळस असेल, आंधळी असेल, पण ज्याच्यावर ठेवली त्याला खबरही नसली तरी चालतं. म्हणून तर मराठीत 'अंधश्रद्धा' रुळली. हिंदीवाले 'अंधविश्वास' म्हणतात, आपल्या कानाला तो परकाच लागतो. बायबलमधला देव करार करतो, वचन देतो, त्याला हाक मारून जाब विचारता येतो. अशा देवाशी असलेल्या नात्याला दोन माणसांच्या व्यवहारातला शब्द मिळाला हे मला योग्य वाटतं. ('भरवसा'ही चालला असता. बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्रा'च्या अकराव्या अध्यायात विश्वासाची व्याख्या येते तिथे तो आहेच. पण त्याच्या मागे भरवशाची म्हैस आणि तिचा टोणगा लागलेला!)

आता 'विश्वास'ची व्युत्पत्ती, जी मला सगळ्यात आवडते. वि + श्वस्. श्वास घेणे हा त्यातला मूळ धातू. संस्कृतात 'विश्वस्' म्हणजे मोकळा श्वास घेणे, निर्धास्त असणे, आणि त्यावरून भरवसा ठेवणे. लहानपणी आम्ही कल्याणला मामाकडे रात्रीच्या एस.टी.ने जायचो. माळशेज घाट लागला की मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसायचो, प्रत्येक वळणाला पाय दाबून, जणू ब्रेक माझ्याकडेच होता. आजी खिडकीच्या काचेला डोकं टेकून, तोंड थोडं उघडं टाकून, घोरत असायची. ड्रायव्हरचा चेहरा आम्ही दोघांनीही पाहिलेला नसे. तिकीट मात्र दोघांचं सारखंच, माझं अर्धं.

बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात वादळाची गोष्ट आहे. तारवात पाणी भरतंय, शिष्य घाबरलेत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला आहे. ते त्याला हलवून उठवतात. वारा शमल्यावर तो विचारतो, तुम्हांला अजून विश्वास नाही काय? ग्रीक मूळात श्वासाचा काही संबंध नाही, तिथला 'पिस्तिस' वेगळ्याच धातूचा. पण मराठी वाचकाला तो शब्द त्या झोपलेल्या माणसाच्या श्वासाशी जोडून वाचता येतो. ही देणगी भाषांतरकाराने ठरवून दिली नसेल, भाषेनेच दिली.

त्या 'पिस्तिस'वरूनच क्रियापद होतं, म्हणून भाषांतराला एकशब्दी क्रियापद सोयीचं होतं. 'विश्वासणे' हा नामधातू, म्हणजे नामापासून बनलेलं क्रियापद, मराठीच्या चालीत बसतो. राग–रागावणे, संतोष–संतोषणे, आनंद–आनंदणे, तसं विश्वास–विश्वासणे. त्यावरून 'विश्वासणारा'. अलीकडे काही मंडळ्यांत (चर्चच्या सभासदांच्या समूहांत) 'विश्वासी' ऐकू येतं, ते हिंदी ख्रिस्ती गाण्यांबरोबर आलेलं असावं. चूक म्हणणार नाही, पण 'विश्वासणारे'मध्ये क्रिया चालू आहे. 'विश्वासी' म्हणजे एकदा शिक्का मारला, संपलं.

आता मुख्य शंका, 'विश्वासात वाढणे'. उसनं आहे, पण इंग्रजीचं नाही. बायबलमध्ये पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी प्रभूच्या 'कृपेत व ज्ञानात वाढत जा' असं येतं. ही 'मध्ये'ची रचना ग्रीकमध्येच आहे. इंग्रजीने ती तिथूनच घेतली, मराठीने पण. मराठीत ती टोचत नाही, कारण सप्तमीने आधीच जागा करून ठेवली होती. पोर लाडात वाढतं. कुणी गरिबीत वाढलं, कुणी आजोळी चार मावश्यांच्या गलक्यात वाढलं. या वाक्यांत लाड वाढत नाहीत आणि गरिबीही वाढत नाही. वाढतं ते पोर. सप्तमी फक्त कुठल्या हवेत, कुणाच्या सावलीत ते सांगते.

'विश्वास वाढणे' आणि 'विश्वासात वाढणे' यांतला फरक नेमका इथे आहे. पहिल्यात विश्वास हा मोजायचा ऐवज, पासबुकातल्या शिलकीसारखा. लूकच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य हेच मागतात : आमचा विश्वास वाढवा. उत्तर काय मिळतं, तर मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी पुरे. मिसळणाच्या डब्यात बोट घालून एक मोहरी उचलून बघा, चिमटीत धरता येत नाही, निसटते. थोडक्यात, शिल्लक वाढवायची मागणी तिथे बाजूलाच राहते. म्हणून पाळकसाहेबांनी 'यांचा विश्वास वाढो' न म्हणता 'हे कुटुंब विश्वासात वाढो' म्हटलं असेल, तर त्यांचं व्याकरण आणि धर्मशास्त्र दोन्ही जागेवर आहेत. त्या घरात लवकर उठण्यावरून भांडणं होतील, हप्ते थकतील, पोरांचे मार्क कमी येतील. वाढायचं ते त्या सगळ्यासकट, लाडात वाढावं तसं.

('वाढणे'चे बाकीचे अर्थ मात्र सांभाळा. पानात भात वाढतात ते सोडा, पण बांगडी 'वाढली' म्हणजे फुटली आणि नारळ 'वाढवला' म्हणजे फोडला. कुणाचा विश्वास 'वाढवला' म्हणताना मला उगाच ते आठवतं.)

राहिलं 'विश्वासात आल्या', म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवू लागल्या. 'वयात येणे', 'रंगात येणे' याच साच्यातलं आहे, व्याकरणाला हरकत नाही. मात्र हे आपसातलं बोलणं आहे, मंडळीबाहेर वापरलं तर घोटाळा होतो. माझे काका एकदा कर्जाच्या कामासाठी एका बँकेत गेले होते. तिथले साहेब रविवारी आमच्याच चर्चला येणारे. काकांनी खिडकीवरच्या क्लार्कला मोठ्या कौतुकाने सांगितलं, "तुमचे साहेब विश्वासात आहेत बरं का!"

क्लार्कने पेन खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोणाच्या?"