नवीन एफपीजीए बोर्ड घेऊ की जुन्यावरच भागवू?

प्रश्न : माझ्याकडे स्पार्टन-६ एलएक्स९ या एफपीजीएवाला (आतलं सर्किट हवं तसं प्रोग्रॅम करता येणारी चिप) जुना एसडीआर रिसीव्हर (बहुतेक काम सॉफ्टवेअरने करणारा रेडिओ) आहे, १४ बिट एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप), सेकंदाला १२२.८८ मेगासॅम्पल. रात्री ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडवर शेजारची ब्रॉडकास्ट स्टेशनं जोरात आली की ओव्हरलोडचा लाइट पेटतो आणि बारीक सिग्नल गायब होतात. मित्र म्हणतो झिंक ७०२० (Zynq) चिपवाला बोर्ड घे, १६ च्या जागी २२० डीएसपी स्लाइस (चिपमधले गुणाकार करणारे मल्टिप्लायर) मिळतील. घेऊ का?

उत्तर : अहो थांबा, तो लाइट एडीसीचा आहे, एफपीजीएचा नाही! सिग्नल एफपीजीएपर्यंत पोचायच्या आधीच त्याचा शेंडा छाटला गेलाय, पुढे कितीही मल्टिप्लायर लावा, छाटलेलं परत येत नाही.

आणि ते २२० चं काय घेऊन बसलात. आधी सीआयसी नावाचा साधा डिजिटल फिल्टर सॅम्पल रेट खाली आणतो, त्याला एकही मल्टिप्लायर लागत नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. मग ४८ किलोहर्ट्झवर आलात की १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर एकच मल्टिप्लायर दर सॅम्पलमागे दोन हजारांवर गुणाकार करतो, म्हणजे चांगला लांबलचक एफआयआर (नको ते सिग्नल धारदारपणे कापणारा फिल्टर) एकट्याने ओढतो. तुमचे १६ सुद्धा बहुतेक झोपा काढत असतील.

आता नवा बोर्ड १६ बिट एडीसीचा असेल तर थोडा फायदा आहे, पण थोडाच. कागदावर १६ बिट म्हणजे ९८ डीबी एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे ते), पण या स्पीडच्या चांगल्या चिपांच्या डेटाशीटमध्येही तो ७७-७८ च्या आसपासच दिसतो. त्यात क्लॉक गचाळ असेल तर अजून खड्डा, ३० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला १ पिकोसेकंद जिटर (क्लॉकच्या ठोक्यांची थरथर) असला की ७४-७५ डीबीच्या वर जाताच येत नाही. बोर्ड बघताना स्लाइस मोजण्यापेक्षा क्लॉक देणारा ऑसिलेटर कुठला लावलाय ते बघा, जाहिरातीत ते शेवटच्या ओळीत असतं किंवा नसतंच.

मी असतो तर आधी हे केलं असतं. अँटेना काढा, नॉइज किती ते बघा, परत लावा. रात्री ७ मेगाहर्ट्झवर तो २० डीबीने वर उडी मारत असेल तर १० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) बिनधास्त टाका, ऐकण्यात काही कमी होणार नाही आणि लाइट बहुतेक विझेल. बँडपास फिल्टरही (एकच बँड आत सोडणारा) लावा, पण ब्रॉडकास्टवाले ७.२ च्या वर अगदी खेटून बसलेत, त्यांना तो फारसा अडवणार नाही, बाकीच्या बँडांचा भार मात्र कमी करेल.

अपग्रेडचं खरं कारण एकच दिसतं मला, तुम्ही स्वतः कोड लिहिता का? स्पार्टन-६ ला व्हिवाडो (एफपीजीएचा कोड बनवायचं नवं सॉफ्टवेअर) चालत नाही, जुन्या आयएसईवरच अडकून राहावं लागतं आणि त्याचं शेवटचं १४.७ व्हर्जन २०१३ चं, नव्या कॉम्प्युटरवर ते बसवणं म्हणजे डोक्याला ताप. किंवा एकदम आठ-दहा रिसीव्हर चालवायचे असतील, १९२ किलोहर्ट्झचा एकेक २४ बिट आयक्यूमध्ये (दर सॅम्पलला दोन आकडे) सेकंदाला ९.२ मेगाबिट खातो, दहा झाले की १०० मेगाबिटची नेटवर्क लाइन भरलीच, तिथे गिगाबिटवाला बोर्ड लागेल.

यातलं काही नसेल तर आधी ॲटेन्युएटर लावा आणि रात्री लाइट पेटतो का ते कळवा.