पोरगं नशेला लागलं की नुसत्या संगतीला दोष देऊन भागत नाही

ताई, तुम्ही विचारलंय की घरात काही कमी नसताना 16 वर्षांचा मुलगा गांजाकडे वळलाच कसा, आणि त्याचे मित्र तोडले, मोबाइल काढून घेतला तर सुटेल का. मी बरीच वर्षं अशा मुलांबरोबर आणि त्यांच्या आईवडलांबरोबर काम करतोय, त्यावरून सांगतो, नुसतं तेवढ्याने नाही सुटत.

संगत लागते हे खरंच आहे, पण त्याच घोळक्यात तो का रमला हे कोणी बघत नाही. एका मुलाने मला सांगितलेलं, "तिकडे मला कोणी मार्क विचारत नाही." घरी सगळं होतं, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे अभ्यास, क्लास, निकाल एवढंच. काही घरांत बापाची दारू असते, मारहाण असते, आईबाप दोघं रात्री उशिरा येतात, काही पोरांची शाळाच सुटलेली असते. आणि या वयात मेंदूचा स्वतःला आवरणारा भाग अजून तयार होत असतो, तो पुरता पक्का व्हायला साधारण पंचविशी येते, मजा मागणारा भाग मात्र आधीच जोरात असतो, म्हणून "पुढे आयुष्याचं वाटोळं होईल" हे त्याला कळतं पण त्या क्षणी आवरत नाही.

नुसत्या भाषणांनीही फरक पडत नाही. अमेरिकेत 1983 पासून पोलीस शाळेत जाऊन मुलांना समजवायचे, डेअर नावाचा कार्यक्रम, खूप गाजला, पण नंतर तपासलं तर मुलांच्या नशेवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. याउलट आइसलँड बघा. 1998 साली तिथली 15-16 वर्षांची 42 टक्के मुलं मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती, 2016 ला हा आकडा 5 टक्क्यांवर आला. त्यांनी काय केलं, तर खेळ आणि संगीताच्या क्लाससाठी घरांना पैसे दिले, शाळा सुटल्यावरचा रिकामा वेळ भरला, हिवाळ्यात 13 ते 16 च्या मुलांना रात्री दहानंतर एकटं बाहेर राहायला बंदी केली, आणि आईबापांनी आपसात ठरवून मुलांसोबत जास्त वेळ घालवायला सुरुवात केली. मला यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण एकट्या घराने बंधन घातलं की पोरगं म्हणतं "बाकीच्यांना तर सोडतात", सगळ्या घरांनी मिळून ठरवलं की ते भांडणच उरत नाही.

आता तुमच्यापुरतं. मारू नका आणि चारचौघात विषय काढू नका, एकदा लाज वाटली की तो लपवायला शिकतो. फक्त गांजाच आहे की अजून काही, हे शांतपणे काढून घ्या. व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्यूशन हुंगत असेल तर अजिबात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरकडे न्या, त्याने पहिल्याच वेळेला हृदय बंद पडू शकतं. झोपेच्या गोळ्या किंवा रोजची दारू असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते, आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. आणि मित्र तोडायच्या आधी त्याला एकदा विचारा, तिकडे तुला काय मिळतं रे, आणि मग मधे बोलू नका, उत्तर यायला दोन-तीन दिवस लागले तरी.