पेटीवाल्याला विचारा : ब्लूज म्हणजे रडगाणं नव्हे

गेल्या अंकात माउथ ऑर्गनच्या दुरुस्तीबद्दल लिहिताना मी अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लूज संगीताचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथं घेतो. बाकीच्यांनी राग मानू नये. बेळगावात दुकानावर आलात तर चहा घेत बोलू.

प्रश्न : नातवानं मोबाईलवर ब्लूज ऐकवलं आणि म्हणाला, “आजी, ही गुलामांची गाणी.” आमच्याकडं सुगीत गडी भलरी म्हणायचे, आम्ही बायका पहाटे जात्यावर ओव्या म्हणायचो. कष्टाची गाणी सगळीकडं सारखीच का हो? (एक आजी, खानापूर तालुका)

आजी, नातवाचं निम्मं बरोबर आहे. अमेरिकेतली गुलामी १८६५ साली कायद्यानं संपली. ब्लूजच्या खुणा दिसतात त्या १८९० नंतरच्या. म्हणजे ही गाणी गुलामांच्या मुलानातवंडांची. तुम्ही म्हणाल, दुःख तेच, मग पिढीनं काय फरक पडतो? पडतो. गुलामाला मळा सोडून जायची सोय नव्हती. त्याच्या पोराला होती, निदान कागदावर. म्हणूनच या गाण्यांत सारखं कोणीतरी निघालेलं असतं. रेल्वे येते, रस्ता येतो, मागं राहिलेली बाई येते, नाहीतर सोडून गेलेला नवरा.

मिसिसिपी राज्याच्या वायव्येला मिसिसिपी आणि याझू या नद्यांमध्ये सपाट गाळाचा पट्टा आहे. त्याला डेल्टा म्हणतात, पण समुद्र तिथून लांब आहे. सगळा कापूस. काळी कुटुंबं अर्धेलीनं जमीन कसायची. बियाणं, पीठ, कापड मळेवाल्याच्याच दुकानातून उधारीवर. वर्षाअखेर हिशेब व्हायचा, वही मळेवाल्याच्या हातात, आणि बऱ्याचदा बाकी कुळाच्याच अंगावर निघायची. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळीला उचल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, तेव्हा पुढचं तुम्हाला कळलं असेलच. १८९५ साली उभ्या राहिलेल्या डॉकरी नावाच्या अशाच एका मळ्यावर चार्ली पॅटन राहायचा. डेल्टाच्या पुढच्या कितीतरी गाणाऱ्यांनी त्याचं ऐकून हात बसवला.

आता तुमची भलरी. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, विळे एका ठेक्यात चालले पाहिजेत. तसली गाणी तिकडंही होती. पार्चमनच्या तुरुंगात कैदी कुऱ्हाडीच्या घावांवर गायचे, आणि १९४७ साली लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सनं ती ध्वनिमुद्रित केली. शिवाय रानात एकट्या माणसानं घातलेली लांबलचक, हेलकावे घेणारी साद असायची. ब्लूजनं दोन्हींतून घेतलं, पण उभा राहिला एकटा माणूस. त्याला उत्तर द्यायला टोळी नाही, हातातली गिटारच आहे. माझ्या मते ब्लूजला भलरीपेक्षा तुमची ओवी जवळची. जात्यावरची बाई स्वतःचं सासर, स्वतःचा भाऊ, स्वतःचं दुखणं सांगते.

फरक एवढाच, की जात्यापाशी पैसे देऊन ऐकणारं कोणी नसतं. ब्लूजवाला शनिवारी रात्री दारूच्या खोपटात गायचा आणि लोक त्यावर पहाटेपर्यंत नाचायचे. रडगाण्यावर कोण नाचेल?

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम. रेकॉर्डवर आधी बायका आल्या. मेमी स्मिथनं ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कला गायलेली तबकडी तुफान खपली, तेव्हा कुठं कंपन्यांना कळलं की काळी माणसंही पैसे टाकून रेकॉर्ड घेतात. १९२३ मध्ये बेसी स्मिथ आली. पॅटनबुवांचा नंबर लागायला १९२९ उजाडलं.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. ब्लूज पेटीवर बसवायला गेलो तर गुळगुळीत वाटतं. हा राग कोणता? (निपाणी)

राग नाही. रागाच्या दारानं आत शिरलात की जोग रागापाशी अडकाल, कारण त्यात दोन्ही गंधार आहेत. पण जोगात शुद्ध गंधार चढताना आणि कोमल उतरताना, दोघांची घरं वेगळी. ब्लूजचा गंधार या दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी लोंबकळतो, आणि एका जागी थांबतही नाही. पंचम आणि निषादाचंही थोडंफार तसंच. पेटीची रीड मी टोकाला खरवडली तर सूर चढेल, बुडाशी खरवडली तर उतरेल, पण जिथं ठेवीन तिथंच राहील. तुमची पेटी बिघडलेली नाही, तिला एवढंच जमतं.

डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला बँडमास्तर. १९०३ च्या सुमारास डेल्टातल्या टटवायलर स्टेशनावर गाडीची वाट बघताना त्यानं एक फाटका माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासून गाताना ऐकला. पुढं १९१२ साली त्यानं ‘मेम्फिस ब्लूज’ छापलं. असली गाणी कागदावर उतरवताना त्यानं कोमल गंधार लिहून वेळ भागवली. स्वरलिपीची अडचण तुमच्या पेटीसारखीच.

सांगाडा मात्र सोपा. चार-चार मात्रांची बारा घरं, एकूण ४८ मात्रा. पहिली चार घरं षड्जावर, दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, नववं पंचमावर, दहावं मध्यमावर, शेवटची दोन षड्जावर. कविता तीन ओळींची, पहिली दोनदा. समजा मी माझ्या पदरचं जुळवतो :

*फिटली नाही उचल म्हणतो, वही त्याच्या हाती,*
*अगं, फिटली नाही उचल म्हणतो, वही त्याच्या हाती,*
*उद्या सकाळी शोध म्हणावं, गाडी सुटते राती.*

दुसऱ्यांदा तेच शब्द येतात, पण खालची जमीन सरकून मध्यमावर गेलेली असते. गंमत तिथं आहे. जुने डेल्टावाले ही घरं काटेकोर मोजतही नसत. श्वास संपेपर्यंत ओळ चालायची.

पेटीवाल्या माणसाला माझा सल्ला, दहा छिद्रांचा साधा माउथ ऑर्गन घ्या. तोही रीडचाच, पण त्याची रीड ओठाजिभेनं वाकते. पांढरी एकचा, म्हणजे सी चा घ्या आणि षड्ज धरा पांढरी पाचला. दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढलात की सा. तिसऱ्यातून शुद्ध गंधार, आणि जीभ मागं घेऊन ओढलात की तो कोमलाकडं घसरतो. चौथ्यात पंचम, तोही तीव्र मध्यमापर्यंत खाली येतो. पाचव्यात कोमल निषाद आयताच बसलेला. पहिले काही दिवस घरचे वैतागतील.

प्रश्न : ब्लूज गवई रॉबर्ट जॉन्सननं चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारची कला मिळवली, हे खरं का? (शहापूर, बेळगाव)

नाही. ही कथा आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गवयाबद्दल सांगितली जायची, पुढं ती रॉबर्टला चिकटली. रॉबर्ट आईक झिमरमन नावाच्या जाणत्या वादकाकडं शिकला, आणि दोघं रात्री कबरस्तानात सराव करायचे, कारण तिथं कोणी तक्रार करत नसे. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात त्यानं २९ गाणी मुद्रित केली आणि १९३८ मध्ये, २७ व्या वर्षी गेला. ती २९ गाणी ऐका. तालमीला श्रेय द्यायचं नाही म्हणून लोक सैतानाला मधे आणतात.

प्रश्न : आमच्या येळ्ळुरातले जुने लोक गिरणीत कामाला मुंबईला गेले, तशीच ही माणसं शिकागोला गेली म्हणतात. मग गाणं का बदललं? (येळ्ळूर)

गोंगाटामुळं. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडं आणि पश्चिमेकडं गेली. डेल्टातून शिकागोला थेट रेल्वे होती. मडी वॉटर्स स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ मध्ये लोमॅक्सनं त्याच्या खोपटात येऊन त्याचं गाणं मुद्रित केलं. आपला आवाज यंत्रातून परत ऐकल्यावर त्याला आपणही गवई आहोत असं वाटलं, आणि १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. दिवसा काम, रात्री दारूच्या क्लबात गाणं. तिथं ग्लासांचा आणि भांडणांचा आवाज एवढा, की लाकडी गिटार पुढच्या टेबलालाही ऐकू जाईना. त्यानं विजेची गिटार घेतली, मागं ड्रम आला, बाजूला पियानो. शब्द गावचेच राहिले. १९५० च्या त्याच्या एका गाण्यावरून पुढं इंग्लंडातल्या रोलिंग स्टोन्स या बँडनं आपलं नाव घेतलं.

त्याच्याच बँडातला लिटल वॉल्टर माउथ ऑर्गन मायक्रोफोनसकट मुठीत धरून वाजवायचा. १९५२ ची त्याची ‘ज्यूक’ ही शब्दाविना तबकडी मला कॅम्पातल्या एका गोवेकर गिटारवाल्यानं कॅसेटवर भरून दिली होती. आता ती मोबाईलवर फुकट मिळते. निपाणीकरांनी तिथून सुरुवात करावी.