वाचकांचे प्रश्न : एमपी फोर प्लेअरवर व्हिडिओ का चालत नाही?

प्रश्न : खोक्यावर कंपनीचं नाव नसलेला, नुसतं ‘एमपी फोर प्लेअर’ लिहिलेला चायनीज प्लेअर घरात आहे. गाणी नीट वाजतात, पण व्हिडिओ टाकला की ‘फॉरमॅट एरर’ येतं. माहितीपत्रकात एएमव्ही हा व्हिडिओ फाइलचा प्रकार लिहिलाय म्हणून मोबाइलमधल्या फाइलचं नाव बदलून शेवटी एएमव्ही केलं, तरी तेच. सोबत आलेली छोटी सीडी लॅपटॉपला लावता येत नाही. — एक वाचक, सातपूर

उत्तर : नाव बदलल्याने फाइल बदलत नाही. डब्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी लावली म्हणून आतलं मीठ गोड होत नाही, त्यातलाच प्रकार. आणि ‘एमपी फोर प्लेअर’ या नावाचा एमपी फोर फाइलशी संबंध असेलच असं नाही. एमपी थ्रीच्या पुढचा आकडा म्हणून दुकानदारीत ते नाव रूढ झालं, इतकंच.

मोबाइलचा व्हिडिओ बहुधा एच २६४ पद्धतीने दाबलेला असतो. तो उलगडायची ताकद या प्लेअरच्या चिपमध्ये नसते. एएमव्हीत प्रत्येक चित्र जेपेगसारखं स्वतंत्र साठवलेलं असतं, त्यामुळे दुबळ्या चिपलाही ते झेपतं. त्याची किंमत म्हणजे चित्राच्या मानाने फाइल मोठी होते. आवाज मोनो आणि २२,०५० हर्ट्‌झचा लागतो. एकट्या आवाजालाच तासाला सुमारे ४० एमबी जातात.

सीडीवर व्हिडिओ एएमव्हीत बदलणारा कन्व्हर्टर असतो, पण ती नसली तरी अडत नाही. एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर आवृत्ती ४.४ पासून एएमव्ही फाइल बनवतं. मात्र त्याआधी एक काम करा. प्लेअरमध्ये कारखान्यातून आलेला नमुना व्हिडिओ असेल तर तो पुसू नका. संगणकावर घेऊन मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि रुंदी, उंची, सेकंदाला किती चित्रं हे तीन आकडे लिहून ठेवा. तुमच्या प्लेअरला काय हवं आहे, हे त्या फाइलइतकं खात्रीने कुठलंही माहितीपत्रक सांगणार नाही. नमुना नसेल तर पडद्याचं माप धरून चाला.

एफएफएमपेगमध्ये चित्रासाठी एएमव्ही, आवाजासाठी त्याच नावाचा एडीपीसीएम (आवाज दाबायची पद्धत), मोनो, २२,०५० असं ठरवा. मग येतो ‘ब्लॉक साइज’, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. २२,०५० ला सेकंदाच्या चित्रसंख्येने भागून जे येईल तोच हा आकडा, आणि भाग निःशेष जायला हवा. १५ चित्रांना १,४७०, १४ ला १,५७५, २५ ला ८८२. १२ किंवा १६ घेतले तर भाग पूर्ण जात नाही, म्हणून ते टाळा. चिप संथ वाटली तर १४ किंवा १५ वर थांबा.

दुसरी अडचण चित्राच्या उंचीची, ती १६ च्या पटीत लागते. १२८ आणि ९६ या उंची १६ च्या पटीत बसतात, १२० बसत नाही. १६०×१२० चा पडदा असेल तर सॉफ्टवेअर तक्रार करतं. तेव्हा ‘स्ट्रिक्ट’ या पर्यायाची किंमत उणे १ द्या.

माणसं लांबुडकी दिसू नयेत म्हणून चित्र ताणू नका. १६०×१२८ च्या पडद्यावर आजचा रुंद व्हिडिओ १६०×९० चा बसतो. उरलेल्या ३८ ओळी वर १९, खाली १९ अशा काळ्या ठेवा. फाइलचं नाव रोमन लिपीत आणि छोटं ठेवा. जुन्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

पुढेमागे सीडीवरचा कन्व्हर्टर कुणी कॉपी करून दिलाच, तर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि व्हिडिओ सी ड्राइव्हवर साध्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. ही सॉफ्टवेअरं विंडोज एक्सपीच्या जमान्यातली आहेत. देवनागरी नावं आणि फाइलचे लांबलचक पत्ते त्यांना पचत नाहीत.

प्रश्न : द्राक्षाच्या छाटणीचे व्हिडिओ मोबाइलवर काढून मजुरांना दाखवायला प्लेअरमध्ये टाकतो. सुरुवात बरोबर असते, पण दहा मिनिटांच्या व्हिडिओत शेवटी कात्री आधी चालते आणि सांगणं मागून येतं. — एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : दोष मोबाइलच्या चित्रीकरणात आहे, प्लेअरचा नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की मोबाइल सेकंदाला ३० ऐवजी कधी २९, कधी २८ चित्रं घेतो. मोबाइलवर हा फरक सांभाळला जातो. जुना कन्व्हर्टर मात्र सरसकट ३० धरून चालतो. सरासरी २९.६ असेल तर दहा मिनिटांत १७,७६० चित्रं होतात. ती ३० च्या वेगाने ५९२ सेकंदांतच संपतात, म्हणजे आवाज ८ सेकंद मागे.

मीडियाइन्फोमध्ये ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं की निदान पक्कं. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, ‘व्हिडिओ’ या टॅबमध्ये ३० निवडून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करा आणि नवी फाइल बनवा. प्लेअरचा कन्व्हर्टर त्या नव्या फाइलवर चालवा. हँडब्रेक स्वतः एएमव्ही किंवा एव्हीआय या प्रकारची फाइल बनवत नाही, तेव्हा ही दोन पायऱ्यांची कसरत टळत नाही. आवाज पहिल्या सेकंदापासून सारखाच मागे असेल, तर मात्र हा उपाय लागू पडणार नाही.

प्रश्न : १६ जीबीचा प्लेअर स्वस्तात मिळाला. रूपांतर केलेले पहिले काही व्हिडिओ चालतात, नंतरचे ‘एरर’ देतात, काहींची नावं विचित्र होतात. कन्व्हर्टर बदलून पाहिला. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये वेळ घालवायला घेतला होता, उलट डोक्याला ताप झाला. — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : कन्व्हर्टरचा पिच्छा सोडा आणि आधी मेमरी तपासा. संगणकाला १६ जीबी सांगणारी, पण आत प्रत्यक्षात एक-दोन जीबीच असलेली मेमरी अशा मालात सर्रास सापडते. खरी जागा संपली की पुढचा मजकूर हवेत जातो किंवा आधीच्या फाइलींवर लिहिला जातो. कॉपी करताना मात्र कुठलीही चूक दिसत नाही.

प्लेअरमधलं सगळं संगणकावर काढून घ्या, प्लेअर रिकामा करा आणि ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम पूर्ण जागेवर चालवा. तो मेमरी भरून पुन्हा वाचतो आणि किती जागा खरी, किती हरवली ते सांगतो. सेकंदाला ३ एमबीच्या वेगाने १६ जीबी लिहायलाच दीड तास लागतो, म्हणून घाई नको. आकडा खोटा निघाला तर फॉरमॅट करून काही उपयोग नाही. परत करता आला तर करा. नाहीतर जेवढी जागा खरी, तिच्या आतच फाइली ठेवा.

प्रश्न : माझ्या प्लेअरवर एव्हीआय चालतं असं लिहिलंय. कीर्तनाच्या एका एव्हीआयचं चित्र दिसतं पण आवाज नाही, दुसरी मुळीच उघडत नाही. — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : एव्हीआय हे नुसतं खोकं आहे. आत काय भरलंय त्यावर सगळं अवलंबून. आवाज एसी थ्री पद्धतीचा असेल तर स्वस्त प्लेअर गप्प बसतो. तो स्थिर बिटरेटच्या एमपी थ्रीमध्ये बदला, १२८ केबीपीएस पुरे. चित्र एक्सव्हिड पद्धतीने दाबलेलं असूनही फाइल उघडत नसेल, तर बी-फ्रेम, क्यूपेल आणि जीएमसी या चित्र जास्त दाबायच्या तिन्ही सोयी बंद करून पुन्हा रूपांतर करा. माप पडद्यापेक्षा मोठं ठेवू नका. ३२०×२४० च्या पडद्याला रुंद व्हिडिओ ३२०×१८० पुरतो.

प्रश्न : ६४ जीबीचं नवं कार्ड प्लेअरला दिसतच नाही, मोबाइलमध्ये चालतं. — एक वाचक, पंचवटी

उत्तर : ते एक्सफॅट या साठवणीच्या रचनेत फॉरमॅट होऊन आलेलं असतं. जुन्या प्लेअरला बहुधा फॅट ३२ च कळतं, आणि कित्येकांना ३२ जीबीच्या वरचं कार्ड वाचताच येत नाही. खटाटोप करण्यापेक्षा ८ किंवा १६ जीबीचं कार्ड घाला.